रेल्वे बंद पडली, मग त्या पट्ट्याचं काय? ‘जिओकॅशिंग’च्या खेळातून अहिल्यानगरनं घेण्यासारखा धडा

१७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड ते अहिल्यानगर प्रवासी रेल्वे सुरू झाली. बीडकरांसाठी तो दिवाळीसारखा दिवस होता. पण या आनंदामागचा हिशेब बघा. अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी मिळाली होती १९९५ च्या सुमारास. तेव्हाचा अंदाजे खर्च होता साडेतीनशे कोटींच्या आसपास. तो वाढत वाढत ४,८०० कोटींच्या पुढे गेला. अहिल्यानगर ते आष्टी हा ६६ किलोमीटरचा टप्पा सुरू व्हायलाच २०२२ साल उजाडलं. बीड गाठायला मंजुरीपासून ३० वर्षं लागली.

उशिराची कारणं अनेक होती, पण त्यातली दोन सगळ्यांना माहीत आहेत. एक निधी आणि दुसरं भूसंपादन. रूळ, खडी, स्लीपर हे पैसे टाकले की मिळतं. एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंत कुठेही न तुटलेला, सलग असा जमिनीचा पट्टा मिळवणं ही खरी अवघड गोष्ट असते.

आता दुसरी बाजू बघू. राज्यात असे काही पट्टे आहेत जिथे रेल्वे होती आणि बंद पडली. काही ठिकाणी तर भराव टाकला गेला, पण रेल्वे आलीच नाही. जगात अनेक देशांनी अशा बंद मार्गांच्या चालण्याच्या वाटा केल्या. त्या वाटांवर लोक मोबाइल हातात घेऊन लपवलेले डबे शोधत फिरतात. या खेळाचं नाव आहे जिओकॅशिंग.

हा खेळ नेमका काय आहे? बंद रेल्वेमार्गांशी त्याचं नातं कसं जुळलं? आणि अहिल्यानगरमध्ये वर्षानुवर्षं रेल्वेची वाट बघणाऱ्या लोकांचा त्याच्याशी काय संबंध? सविस्तर समजून घेऊ.

जिओकॅशिंग म्हणजे काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर हा खजिना शोधण्याचा खेळ आहे. कुणीतरी एक घट्ट झाकणाचा डबा एखाद्या ठिकाणी लपवतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतं. बाकीचे लोक जीपीएसच्या मदतीनं तिथे पोहोचतात, डबा शोधतात, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहितात आणि डबा होता तिथेच परत ठेवतात. डब्यात कधी छोटी खेळणी, नाणी, बिल्ले असतात. नियम एवढाच की एखादी वस्तू घेतलीत, तर तेवढ्याच किमतीची दुसरी तिथे ठेवायची. म्हणजे खजिना नावापुरता आणि खरी मजा शोधण्यात.

या खेळाचा जन्म एका सरकारी निर्णयातून झाला. जीपीएस ही मुळात अमेरिकी लष्कराची यंत्रणा. सामान्य लोकांना मिळणारा सिग्नल अमेरिका मुद्दाम बिघडवून द्यायची, त्यामुळे जागा दाखवताना १०० मीटरपर्यंतची चूक व्हायची. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या निर्णयानं हा अडथळा काढण्यात आला आणि अचूकता एका रात्रीत कैक पटींनी वाढली. लगेच, ३ मे २००० ला, डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं ओरेगॉन राज्यात एक बादली लपवली आणि तिची जागा इंटरनेटवर जाहीर केली. काही दिवसांतच लोकांनी ती शोधली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये या खेळाची वेबसाइट सुरू झाली. आज जगभरात ३० लाखांहून जास्त असे डबे आहेत. अगदी अंटार्क्टिकावरही. भारतातही आहेत, पण अमेरिका-युरोपच्या मानानं अगदीच तुरळक.

सगळेच जिओकॅश डब्याचे नसतात, हे इथे लक्षात ठेवा, कारण पुढे ते कामाला येणार आहे. ‘अर्थकॅश’ नावाच्या प्रकारात काहीच लपवलेलं नसतं. तुम्ही एखाद्या भूवैज्ञानिक ठिकाणी जायचं, तिथला खडक किंवा नदीचा प्रवाह नीट बघायचा आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं पाठवायची. पारनेर तालुक्यात निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे डोळ्यांसमोर आणा. काळ्या बसाल्टमध्ये पाण्यानं आणि त्यासोबत फिरणाऱ्या दगडगोट्यांनी कोरलेले ते खळगे म्हणजे अशा खेळासाठी अगदी आदर्श जागा.

मग यात रेल्वे कुठून आली?

जिओकॅशिंगचा एक नियम आहे. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर हवं. म्हणजे एका सलग वाटेवर किलोमीटरमागे साधारण सहा डबे बसतात. दहा किलोमीटरच्या वाटेवर साठ. त्यामुळे या खेळाला लांबलचक, सलग आणि गाड्या नसलेली वाट लागते. बंद रेल्वेमार्ग नेमका तसाच असतो.

त्यात रेल्वेमार्गाला चढ जवळपास नसतो. डांबरी रस्ता डोंगर आला की वर चढतो. रेल्वेला ते जमत नाही, म्हणून इंजिनिअर लोक टेकडी खोदतात, खोलगटात भराव टाकतात, ओढ्यावर मोरी बांधतात आणि डोंगरातून बोगदा काढतात. शंभर मीटरला एक मीटर चढ म्हणजेही रेल्वेसाठी चांगलाच चढ. त्यामुळे रूळ काढल्यावर जी वाट उरते तिच्यावर आजी-आजोबा चालू शकतात, लहान मुलं सायकल चालवू शकतात, व्हीलचेअरही जाऊ शकते. वर जुने पूल, दगडी मोऱ्या, मैलाचे दगड, स्टेशनच्या इमारती. लपवायला आणि शोधायला जागाच जागा.

जगातली काही उदाहरणं पाहा. न्यूझीलंडमधल्या ओटागो भागात १९९० मध्ये एक रेल्वेमार्ग बंद झाला. २००० मध्ये त्याच पट्ट्यावर सुमारे १५० किलोमीटरची सायकल आणि चालण्याची वाट सुरू झाली. रेल्वे गेल्यावर ओस पडत चाललेल्या गावांमध्ये मग खाणावळी, छोटी निवासं, सायकल दुरुस्तीची दुकानं आली. स्पेननं १९९३ पासून ‘हिरव्या वाटा’ नावाचा कार्यक्रम राबवला आणि आज तिथे अशा ३,००० किलोमीटरहून जास्त वाटा आहेत. अमेरिकेत हा आकडा ४० हजार किलोमीटरच्या घरात आहे.

म्हणजे खेळामुळे वाटा झाल्या असं नाही. वाटा आधी झाल्या. खेळानं एक वेगळंच काम केलं. त्यानं लोकांना त्या वाटेवर पुन्हा पुन्हा यायला कारण दिलं. आणि वाट टिकते ती वापरामुळेच.

पाणंद आठवा, म्हणजे मुद्दा कळेल

हा मुद्दा समजायला परदेशात जायची गरज नाही. अहिल्यानगरच्या कुठल्याही तालुक्यातल्या शेतकऱ्याला पाणंद रस्त्याबद्दल विचारा. नकाशावर पाणंद असते, जागेवर नसते. वहिवाट कमी झाली की आधी काटेरी कुंपण पुढे सरकतं, मग बांध सरकतो, मग एक दिवस तिथे ऊस उभा असतो. मग अर्ज, पंचनामा, तहसील कार्यालयाच्या फेऱ्या. शेतरस्त्यातला अडथळा काढण्यासाठी आजही १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याचा आधार घ्यावा लागतो. पाणंदी पुन्हा मोकळ्या करून पक्क्या करण्यासाठी राज्य सरकारला ‘मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते’ अशी योजनाच आणावी लागली.

बंद रेल्वेमार्गाचंही तेच होतं. कुणी एका दिवसात सगळा पट्टा गिळत नाही. कुठे भरावाची माती ट्रॉलीनं उचलली जाते, कुठे मोरीचे दगड जातात, कुठे दोन टपऱ्या उभ्या राहतात. शंभर किलोमीटरच्या पट्ट्यातला एक किलोमीटर गेला तरी उरलेल्या नव्व्याण्णवची किंमत पडते, कारण पट्ट्याचं सगळं मोल त्याच्या सलग असण्यात आहे.

रेल्वे परत येणार असेल तर? अमेरिकेनं काढलेला तोडगा

इथे एक रास्त प्रश्न येतो. एकदा तिथे वाट केली, झाडं लावली, बाकडी बसवली की रेल्वे कायमचीच गेली ना?

अमेरिकेपुढे हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर आला. १९१६ च्या सुमारास तिथे सुमारे ४ लाख किलोमीटरचं रेल्वेजाळं होतं. मोटारी आणि ट्रक आल्यावर मार्गामागून मार्ग बंद होऊ लागले. तिथे अडचण अशी की अनेक ठिकाणी रेल्वे कंपनीकडे जमिनीची मालकी नव्हती, फक्त वापराचा हक्क होता. रेल्वे बंद म्हणजे हक्क संपला आणि जमीन तुकड्या-तुकड्यांनी शेजारच्या मालकांकडे. दहा वर्षांनी पुन्हा रेल्वे लागली तर सगळं भूसंपादन शून्यापासून.

यावर १९८३ मध्ये तिथल्या संसदेनं कायद्यात एक दुरुस्ती केली. तिला ‘रेलबँकिंग’ म्हणतात. बँकेत पैसे ठेवतो तसा रेल्वेमार्ग ठेवायचा. कंपनीनं पट्टा एखाद्या सरकारी यंत्रणेकडे किंवा संस्थेकडे सोपवायचा. ती तिथे वाट करेल, देखभाल करेल. पण कायद्याच्या नजरेत तो मार्ग ‘बंद’ झालेला नसतो. उद्या रेल्वेची गरज पडली तर वाट बाजूला होते आणि रूळ परत येतात. तोवर जमीन एकसंध राहते.

शेजारच्या जमीनमालकांनी याला कोर्टात आव्हान दिलं. १९९० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं हा कायदा वैध ठरवला, पण नुकसान झालेल्या मालकांना भरपाई मागण्याची वाटही मोकळी ठेवली. थोडक्यात, वाट मोफत मिळत नाही. कुणाचा हक्क जात असेल तर त्याचे पैसे द्यावे लागतात.

जिथे असा करार आधी लिहिलेला नसतो तिथे काय होतं, हे इंग्लंडमध्ये दिसतं. डर्बीशायरमधला एक रेल्वेमार्ग १९६८ मध्ये बंद पडला. पुढे तिथे ‘मॉन्सल ट्रेल’ नावाची वाट झाली. २०११ मध्ये जुने बोगदेही लोकांसाठी खुले झाले आणि वाट प्रचंड लोकप्रिय झाली. आता तिथे काही लोक रेल्वे परत आणा म्हणतात, तर वाटेवर प्रेम करणारे लोक त्याला विरोध करतात. दोघांचीही बाजू खोटी नाही. पण ‘ही वाट तात्पुरती आहे’ हे कुणी पहिल्या दिवशी कायद्यात लिहून ठेवलं नाही, त्याचा हा परिणाम.

महाराष्ट्रात असे पट्टे कुठे आहेत?

पहिलं उदाहरण बोर घाटाचं. खंडाळ्याजवळ १८६३ मध्ये सुरू झालेल्या मार्गावर ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ होतं. चढ इतका तीव्र होता की गाडी तिथे थांबायची, इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावलं जायचं आणि गाडी उलट दिशेनं पुढे चढायची. १९२९ मध्ये बोगद्यांसह नवा मार्ग झाला आणि जुना तुकडा निवृत्त झाला. तिथे रेल्वे परत येण्याचा प्रश्नच नाही. आज त्याचं मोल आहे ते इतिहास म्हणून.

दुसरं उदाहरण उलट बाजूचं. बार्शी लाइट रेल्वे. १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी असा सुरू झालेला हा नॅरोगेज मार्ग पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेला. वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या या छोट्या गाडीनं पंढरीला गेल्या. गाडी जुनी झाली, पण मार्ग मोडला नाही. टप्प्याटप्प्यानं तो ब्रॉडगेज झाला आणि आज लातूर, पंढरपूर, मिरज मोठ्या गाड्यांनी जोडलेली आहेत. जुना मार्ग जिवंत होता म्हणून नव्याला पाय ठेवायला जागा मिळाली.

तिसरं आणि सगळ्यात दुखरं उदाहरण विदर्भातल्या ‘शकुंतले’चं. यवतमाळ-मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर-अचलपूर मिळून सुमारे १९० किलोमीटरचा हा नॅरोगेज मार्ग. कापूस वाहून नेण्यासाठी इंग्रजांच्या काळात सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीनं बांधलेला. तिचं वाफेचं इंजिन १९२१ मधलं, मँचेस्टरला बनलेलं, आणि ते १९९४ पर्यंत धावलं. त्यानंतर डिझेल आलं. २०१६ मध्ये गेज रूपांतराची घोषणा झाली. पण दरम्यान गाडी आधी यवतमाळच्या बाजूनं आणि मग अचलपूरच्या बाजूनंही बंद पडली. ‘शकुंतला सुरू करा’ म्हणून लोक आंदोलनं करत आहेत. रूळ झुडपांत हरवत चालले आहेत.

या तीन उदाहरणांत प्रत्येक पट्ट्याची गरज वेगळी आहे. बोर घाटाला जतन हवंय, बार्शीला रेल्वे मिळाली आणि शकुंतला मध्येच लोंबकळते आहे. ‘बंद मार्गांची वाट करा’ हे एकच औषध सगळीकडे लावता येत नाही.

अहिल्यानगरचा विषय काय आहे?

जिल्ह्याची मुख्य रेल्वे म्हणजे दौंड-मनमाड मार्ग. १८७८ मध्ये सुरू झालेला. जिल्ह्याच्या मधून तो उत्तर-दक्षिण जातो, पण पूर्वेकडचे नेवासा, शेवगाव, पाथर्डी हे तालुके त्यापासून लांबच राहिले. म्हणूनच बेलापूर-शेवगाव आणि पुढे गेवराईमार्गे परळी अशा रेल्वेची मागणी या भागात कित्येक दशकं आहे. इथलं बेलापूर म्हणजे श्रीरामपूर तालुक्यातलं, नवी मुंबईतलं नव्हे. ब्रिटिश काळातच या मार्गासाठी जमीन घेऊन मातीकाम सुरू झालं होतं, असं या मागणीचा पाठपुरावा करणारे लोक सांगतात. त्यांच्यासाठी तो भराव म्हणजे मोडलेल्या शब्दाचा पुरावा आहे.

अशा ठिकाणी जाऊन कुणी म्हणालं, ‘इथे छान वॉकिंग ट्रॅक करू, पर्यटक येतील, डबे शोधतील’, तर लोक चिडतील आणि ते बरोबरच असेल. ज्यांना कांदा, ऊस, कापूस बाजाराला न्यायला रेल्वे हवी आहे, मुलांना शिकायला जायला स्वस्त गाडी हवी आहे, त्यांच्या हातात सेल्फी पॉइंट देणं ही थट्टा होईल.

पण हाच भराव तसाच सोडून दिला तर? तर पाणंदीचं झालं तेच होईल. म्हणजे निवड ‘रेल्वे की वाट’ अशी नाहीच. रेल्वे येईपर्यंत तो पट्टा राखायचा कसा, हा खरा प्रश्न आहे.

आणि अहिल्यानगरला चालणाऱ्यांची कमी नाही. संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला जाताना याच जिल्ह्यातून जाते. शिर्डीला दिंड्या येतात, शनिशिंगणापूरला लोक पायी जातात, नवरात्रात पाथर्डीजवळ मोहटादेवीला रीघ लागते. हे सगळे लोक आज ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्यांच्या शेजारून हायवेच्या कडेनं चालतात. सरकारलाही हे कळतं. संत ज्ञानेश्वर आणि संत तुकाराम पालखी महामार्गांवर वारकऱ्यांसाठी वेगळे पदपथ आखले गेले ते त्यामुळेच. परदेशात बंद रेल्वेची वाट जिओकॅशर्सनी गजबजवली. इथे ती गजबजवायला पदयात्री, शाळेत जाणारी सायकलवरची पोरं आणि शेताकडे निघालेली माणसं पुरेशी आहेत. खेळ हा वरचा गोडवा.

डबा लपवला तर पोलीस येतील का?

शक्यता आहे. आणि हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

इंग्लंडमधल्या वेदर्बी गावात २०११ मध्ये एका कॅफेजवळ कुणीतरी डबा लपवताना दिसलं. लोकांना संशय आला, परिसर रिकामा करण्यात आला आणि बॉम्बशोधक पथकानं तो डबा स्फोट करून उडवला. आत जिओकॅश होता. महाराष्ट्रात तर २००६ चे लोकल बॉम्बस्फोट आणि २०१० मधला पुण्याच्या जर्मन बेकरीतला स्फोट लोक विसरलेले नाहीत. ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ ही घोषणा आपण प्रत्येक स्टेशनवर ऐकतो. त्या स्टेशनजवळ झुडपात डबा ठेवणं म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणं.

अहिल्यानगरमध्ये तर आणखी काळजी हवी. शहरात लष्कराचं आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आहे आणि नगर, राहुरी, पारनेर तालुक्यांना लागून के. के. रेंज हे रणगाड्यांच्या सरावाचं क्षेत्र आहे. तिकडे मोबाइल बघत झुडपं चाळणं नकोच.

कायद्याच्या बाजूनं लक्षात ठेवण्याच्या गोष्टी या:

रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरणं हा रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडी येत नाही म्हणजे जागा सार्वजनिक झाली, असा समज करून घेऊ नका. जुलै २०२३ मध्ये दूधसागर धबधब्याकडे रुळांवरून निघालेल्या ट्रेकर्सना उठाबशा काढायला लावल्याचा व्हिडिओ तुम्ही पाहिलाच असेल. तो मार्ग अर्थात चालू होता आणि तिथे जिवाचा धोका होता. जिओकॅशिंगचे स्वतःचे नियमही सांगतात की जागेच्या मालकाची परवानगी हवी आणि डबा पुरायला खड्डा खणायचा नाही.

मोबाइलमधला जीपीएस वापरायला काहीच अडचण नाही. फेब्रुवारी २०२१ मधल्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनंतर नकाशांबाबतचे नियम तर बरेच सैल झाले आहेत. पण सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारी उपकरणं हा वेगळा विषय आहे. ती भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर असं उपकरण सापडल्यामुळे परदेशी पर्यटकावर कारवाई झाली होती. परदेशात ट्रेकर्स आणि जिओकॅशर्स ती सर्रास वापरतात, त्यामुळे बाहेरून येणाऱ्या मित्रांना हे आधीच सांगून ठेवा.

आणि एक गोष्ट कायद्याच्या पुस्तकात नाही. श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर, कोपरगाव या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. अंधारात, एकट्यानं, उसाच्या कडेनं खजिना शोधायला जाणं शहाणपणाचं नाही.

म्हणूनच डबा नसलेला प्रकार इथे जास्त योग्य ठरतो. मोरीच्या कमानीवरचं बांधकामाचं वर्ष वाचा, भरावाची उंची मोजा, स्टेशनच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची किती लिहिली आहे ते शोधा, आणि उत्तर पाठवा. ना बेवारस वस्तू, ना खोदकाम. एखादी शाळा भूगोलाच्या तासाला हे सहज करू शकेल.

मग करायचं काय?

भारतात रेलबँकिंगसारखा कायदा नाही. रेल्वेच्या मोकळ्या जमिनीसाठी २००६ पासून रेल लँड डेव्हलपमेंट ऑथॉरिटी ही संस्था आहे, पण तिचं मुख्य काम जमिनीतून उत्पन्न मिळवणं हे आहे. शहरातल्या मोक्याच्या भूखंडासाठी ते ठीक आहे. खेड्यातून जाणाऱ्या, पन्नास फूट रुंद आणि शंभर किलोमीटर लांब पट्ट्याची राखण या चौकटीत बसत नाही.

पण कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायची गरज नाही. रेल्वे, जिल्हा प्रशासन आणि ग्रामपंचायती यांच्यात करार होऊ शकतो. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या पाहिजेत.

पहिली, मोजणी. पट्टा कुठून कुठे जातो, कुणाच्या नावावर आहे, कुठे अतिक्रमण आहे, कुठे मूळ मालकाला मोबदलाच मिळालेला नाही, हे भूमी अभिलेख विभागाकडून मोजून घ्यायचं. ज्याचा दावा खरा आहे त्याला आधी न्याय. नाहीतर वाट पहिल्याच पावसाळ्यात कोर्टात अडकेल.

दुसरी, तात्पुरतेपणाची अट. ‘ही वाट रेल्वेच्या परतीपर्यंत आहे’ हे कागदावर आणि वाटेवरच्या फलकावरही. पक्कं बांधकाम नाही, गाळे नाहीत, लॉन्स नाहीत. मुरमाची वाट, कडेला झाडं, मोऱ्यांची डागडुजी. मॉन्सल ट्रेलचा वाद टाळायचा असेल तर हाच उपाय.

तिसरी, जबाबदारी. रोजगार हमीतून वाट तयार होऊ शकते, पण ती झाडणार कोण, झुडपं तोडणार कोण, पावसात भराव खचला तर भरणार कोण? आपल्याकडे उद्घाटनाला सगळे असतात, दुरुस्तीला कुणी नसतं. हे आधी ठरलं नाही, तर वाट दोन वर्षांत बाभळीत हरवेल.

यावर एक आक्षेप उरतोच. सरकारला एकदा वाट दिली की ते रेल्वेची मागणी विसरून जाईल, ‘तुम्हाला दिलं ना काहीतरी’ म्हणेल. ही भीती खोटी नाही. पण पट्टा तुकड्यांत गेल्यावर तर सरकारला विसरण्याचीही गरज उरत नाही, सरळ सांगता येतं की ‘जागाच नाही’. ३० वर्षं वाट बघितलेल्या बीडकरांना विचारा, जागा नव्यानं मिळवायची म्हणजे काय असतं.

थोडक्यात सांगायचं तर

रेल्वे बंद होणं हा एक निर्णय असतो आणि तो बदलता येतो. जमिनीचा पट्टा मोडला की तो निर्णय बदलायची सोय संपते. जिओकॅशिंग हा मोकळ्या वेळेतला साधा खेळ आहे. तो अहिल्यानगरला किंवा यवतमाळला रेल्वे आणून देणार नाही. पण ज्या देशांत तो खेळला जातो तिथे एक गोष्ट दिसली की ज्या वाटेवर रोज माणसं चालतात, ती वाट कुणी गुपचूप नांगरत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या भागात ‘बंद रेल्वेच्या जागेवर सुशोभीकरण’ अशी बातमी आली तर लाइक करण्याआधी दोन प्रश्न विचारा. पट्टा अखंड राहणार आहे का? आणि रेल्वे परत आली तर वाट बाजूला होईल, असं कुठे लिहिलंय का? दोन्हीचं उत्तर ‘हो’ असेल तर खुशाल चालायला जा.